संगणकाशी बुद्धिबळ आणि योजनेचा विचार

प्राथमिक शाळांतून संगणक व टॅबलेट येऊन पोहोचल्यापासून शिक्षकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहू लागला आहे. मधल्या सुटीत, किंवा पावसामुळे मैदानावरचा तास होऊ शकला नाही म्हणजे, मुले त्या यंत्रावर बुद्धिबळ उघडून बसतात. त्यांस ते खेळू द्यावे काय? पालकांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, बुद्धिबळ हा बुद्धीचा खेळ असल्याने तो खेळणाऱ्या मुलाचे गणित आपोआप सुधारेल. उलटपक्षी काही शिक्षक बंधुभगिनींस असे वाटते की, यंत्रावरचा खेळ हा अखेर खेळच. त्यात शाळेचा वेळ दवडणे इष्ट नव्हे. या दोन्ही समजुती येथे तपासून पाहावयाच्या आहेत. तसेच ज्या शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता आणि चालू स्थितीतील एकच यंत्र आहे, तेथे या खेळाचा उपयोग मुलांस योजनापूर्वक विचार करण्याची सवय लावण्याकडे कसा करता येईल, हेही सांगावयाचे आहे.

योजनापूर्वक विचार म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. आपल्या घोड्याने समोरचा हत्ती मारता येतो, हे चटकन दिसणे ही नजर झाली. ती अवश्य हवी, परंतु तिला योजना म्हणता येणार नाही. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखावयाचे, त्याने तसे केले तर आपण काय करू व न केले तर काय करू हे हात पुढे करण्यापूर्वीच ठरवावयाचे, याला योजना म्हणावे. मृगाची वाट पाहणारा शेतकरी सगळे बियाणे एकदम मातीत घालीत नाही. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीला काय उरेल, याचा हिशेब तो अगोदर मांडतो. खेड्यातील मूल असा विचार घरी रोज पाहत असते. पटावर तो त्याला स्वतः करावयाचा असतो, एवढाच फरक.

आता यंत्र कसे खेळते ते पाहू. कारण ते कळल्यावाचून त्याचा उपयोग व अपाय या दोहोंची कल्पना येणार नाही. डाव सुरू होताना पांढऱ्यास किती चाली उपलब्ध असतात, हे इयत्ता तिसरीच्या मुलांकडून फळ्यावर मोजवून घ्यावे. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन म्हणजे १६, दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन म्हणजे ४, एकूण २०. काळ्यासही तितक्याच. म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल होईपर्यंत २० गुणिले २०, असे ४०० प्रकार झाले. पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर ही संख्या ८,९०२ होते आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१. गुणाकाराचा इतका जिवंत पाठ क्वचितच मिळतो. या फांद्याफांद्यांच्या वृक्षात यंत्र भराभर पुढे जाते, प्रत्येक टोकाशी मोहरी मोजते व सर्वांत लाभदायक फांदी निवडते. प्याद्याचा १ गुण, घोडा व उंट यांचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५, वजिराचे ९, ही मोजणीची ढोबळ रीत मुलांनाही सांगता येते. १९९७ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या यंत्राने त्या वेळचे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले, तेव्हा ते यंत्र सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपाशीत होते. पुढे २०१७ साली स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून स्थितीची पारख शिकणारी यंत्रेही निघाली. आज हातातल्या साध्या मोबाइलवरील यंत्रसुद्धा जगज्जेत्याहून बलवान असते.

माणूस मात्र असा खेळत नाही. आड्रियान डी ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, थोर खेळाडू सामान्य चांगल्या खेळाडूंपेक्षा फार अधिक चाली मोजीत नाहीत. त्यांस योग्य चाली लवकर दिसतात. १९७३ साली अमेरिकेत चेस व सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडावयास सांगितली, तेव्हा निष्णात खेळाडू नवशिक्यांच्या कितीतरी पुढे होता. पण तीच मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली तेव्हा त्याचे हे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे निष्णाताजवळ विलक्षण स्मरणशक्ती नसते. त्याला मोहऱ्यांमधील संबंध दिसतात. कोण कोणाला राखून आहे, कोण कोणाची वाट अडवून आहे, हे त्याला वाचता येते. अक्षरे सुटी वाचणारे मूल आणि शब्द एकदम वाचणारे मूल यांत जो भेद आपण पहिलीच्या वर्गात रोज पाहतो, तोच हा.

यावरून एक गोष्ट उघड होते. यंत्राची विचार करण्याची रीत मुलाने उचलावयाची नाही. ती त्याला शक्यही नाही. यंत्र हे येथे गुरू नसून प्रतिस्पर्धी आहे, आणि प्रतिस्पर्धी म्हणून त्याच्या अंगी दोन मोठे गुण आहेत. ते थकत नाही आणि हसत नाही. वर्गात सर्वांसमोर हरण्याची लाज वाटणारे मूल यंत्रापुढे दहा वेळा हरावयास तयार होते. ज्या गावात बुद्धिबळ जाणणारा दुसरा कोणी नाही, तेथील मुलास तर यंत्र हा एकच सोबती असतो.

परंतु त्याच्यापासून होणारा अपायही लहान नाही, आणि तो बहुधा शिक्षकांच्या दृष्टीस पडत नाही. मुलांसाठी यंत्राची पातळी खाली आणतात, तेव्हा ते मुद्दाम चुका करू लागते. मात्र त्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. मूल चुकते ते घाईमुळे, दूरच्या कोपऱ्यातला उंट न दिसल्यामुळे, किंवा शह देण्याच्या आनंदात वजीर उघडा टाकल्यामुळे. त्या चुकीला कारण असते. म्हणून ती पाहून दुसरे मूल काही शिकते. दुबळे केलेले यंत्र चार चाली कसलेल्या खेळाडूसारख्या करते आणि पाचव्या चालीस विनाकारण वजीर देऊन टाकते. चार-आठ डावांत मुलाच्या हे ध्यानात येते आणि ते योजना करण्याचे सोडून देणगीची वाट पाहू लागते. अशा रीतीने मिळविलेल्या विजयांची संख्या कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून प्रगती मोजू नये.

दुसरा अपाय सूचनेच्या बटणाचा व चाल मागे घेण्याच्या बटणाचा. इयत्ता चौथीतील दोन मुलांचा खेळ मी पाठीमागे उभा राहून पाहिला. वीस मिनिटांत त्यांनी सात डाव संपविले. प्रत्येक चालीनंतर काय होते ते पाहावयाचे, वाईट झाले की चाल मागे घ्यावयाची, दुसरी करून पाहावयाची, तीही फसली की सूचना मागावयाची, असा तो क्रम होता. दोघेही आनंदात होते व शेवटचे दोन डाव जिंकलेही. मध्येच मी विचारले, "काळ्याने आत्ता हा उंट इथे का आणला असेल?" दोघांनीही पटाकडे न पाहता बटणाकडे पाहिले. मुले हुशार होती. यंत्राने त्यांस असे शिकविले होते की चुकीची किंमत शून्य आहे, मग आधी विचार करण्याचे प्रयोजन काय? ज्या सवयीसाठी आपण हा खेळ शाळेत आणू पाहतो, तिच्या नेमकी उलट सवय त्याच खेळाने लागत होती. म्हणूनच हा प्रश्न 'खेळू द्यावे की नाही' एवढ्यावर सोडून देता येत नाही.

उपाय साधा आहे, फक्त तो नेटाने करावा लागतो. डाव चालू असता ही दोन्ही बटणे वापरावयाची नाहीत, डाव संपल्यावर वाटेल तितकी वापरावी. एका यंत्रापुढे एकेका मुलास न बसविता दोघांची जोडी बसवावी. जोडीतील एकाने चाल सुचवावयाची, दुसऱ्याने "मग तो काय करील?" असे विचारावयाचे, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच बोट पटास लावावयाचे. यंत्रास घाई नसल्याने ही चर्चा कितीही वेळ चालू शकते; माणूस समोर असता ते शक्य होत नाही. मुलाचा विचार एरवी मनातल्या मनात राहतो व शिक्षकास ऐकू येत नाही. जोडीमुळे तो बोलून दाखवावा लागतो, आणि मग आपण दुसऱ्या इयत्तेस शुद्धलेखन घालीत असतानाही तिकडे एक कान ठेवू शकतो. चाल करण्यापूर्वी ती व तिचे कारण वहीत एका ओळीत लिहविल्यास फारच उत्तम. (स्पर्धेत चाल आधी लिहून ठेवण्यास नियमाने मनाई आहे, हे पुढे स्पर्धेस जाणाऱ्या मुलांस सांगून ठेवावे.) पहिल्या आठवड्यात कारणे "मारायला मिळते म्हणून" अशीच येतील. त्यांत "त्याचा घोडा इकडे येऊ नये म्हणून" असे पहिले वाक्य ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्या जोडीची वही वर्गास वाचून दाखवावी.

पूर्ण डावापेक्षा मोजक्या मोहऱ्यांची शेवटची मांडणी या वयास अधिक मानवते, असे माझे मत आहे. बत्तीस मोहऱ्यांच्या गर्दीत योजना हरवते. तीन-चार मोहऱ्यांत ती उघडी दिसते. शिवाय येथे यंत्र पूर्ण पातळीवर ठेवता येते, म्हणजे वर सांगितलेल्या विनाकारण चुकांचा प्रश्नच मिटतो. आरंभ एकट्या राजाविरुद्ध राजा व वजीर यांनी करावा. मुलास वाटते, हे तर सोपे. पण यंत्राचा एकटा राजा मध्यभाग धरून शेवटपर्यंत झुंजतो आणि वजिराला शहांमागून शह देत फिरविणाऱ्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. किंबहुना पुष्कळदा तो राजा अशा जागी कोंडला जातो की त्याला शह नाही पण हलावयास घरही नाही, आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. ही मात कोणत्याही मांडणीतून अधिकात अधिक १० चालींत करता येते. वजिराऐवजी हत्ती असेल तर अधिकात अधिक १६ चालींत. प्रत्येक जोडीस किती चाली लागल्या, त्याची नोंद भिंतीवरील तक्त्यात ठेवावी. चाळीस, सत्तावीस, एकोणीस असा आकडा उतरत जातो, तो मुलांस जिंकण्याहरण्यापेक्षा अधिक गोड वाटतो. शह देणे म्हणजे पुढे जाणे नव्हे, आधी राजाची घरे कमी करावयाची, हे तत्त्व त्यांना बहुधा कोणी न सांगताच सापडते.

त्यानंतर प्याद्याचा चौकोन घ्यावा. एकटे प्यादे वजीर होण्यास धावत आहे आणि प्रतिपक्षाचा राजा त्याच्या मागे आहे; तो पोहोचेल काय? प्याद्याच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जितकी घरे, तितक्याच बाजूचा चौकोन राजाच्या दिशेने पटावर कल्पावा. आपल्या चालीस राजा त्या चौकोनात पाऊल टाकू शकला तर तो प्यादे गाठतो, अन्यथा नाही. (प्यादे मूळ घरी असेल तर त्याला दोन घरांची उडी असते, म्हणून ते एक घर पुढे आहे असे धरून चौकोन आखावा.) चौथीच्या भूमितीत चौरस शिकलेल्या मुलास हा नियम मोजून पडताळता येतो, आणि एकेक चाल न मोजता एका दृष्टिक्षेपात निर्णय कसा घ्यावा याचे हे पहिले उदाहरण होय.

आणि मग रिचर्ड रेटी या चेकोस्लोव्हाक खेळाडूने १९२१ साली रचलेले कूट मांडावे. ते सुप्रसिद्ध आहे, तथापि खेड्यातील शाळेत ते प्रथमच पाहिले जाईल, म्हणून विस्ताराने देतो. पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या रांगा डावीकडून १ ते ८ व आडव्या रांगा खालून १ ते ८ मोजाव्या. पहिला आकडा उभ्या रांगेचा, दुसरा आडव्या रांगेचा. पांढरा राजा ८-८ या घरी, पांढरे प्यादे ३-६. काळा राजा १-६, काळे प्यादे ८-५, ते खाली धावते. चाल पांढऱ्याची, आणि त्याला बरोबरी साधावयाची आहे.

मुलांस प्रथम मोजू द्यावे. काळ्या प्याद्याच्या चौकोनाबाहेर पांढरा राजा दोन पावले मागे आहे. तो सरळ खाली धावला तर ते हातचे जाते. पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे व त्याच्या मदतीस जावे तर पांढरा राजा तेथूनही दूर. दोन्ही कामे अशक्य दिसतात. सारा वर्ग एकमुखाने "हरला" म्हणेल. आता राजास तिरपा ७-७ वर न्यावे. काळे प्यादे ८-४ वर. राजा पुन्हा तिरपा, ६-६. आता राजा त्या प्याद्याच्या जवळ आला आणि आपल्या प्याद्याच्याही जवळ आला. काळा राजा पांढरे प्यादे मारण्याच्या तयारीने २-६ वर येतो. पांढरा राजा ५-५. काळ्याने प्यादे मारले तर पांढरा राजा ६-४ वर येऊन त्या धावत्या प्याद्यास गाठतो. काळ्याने मारण्याऐवजी आपले प्यादे पुढे ढकलले तर पांढरा राजा ४-६ वर जाऊन आपल्या प्याद्याचा हात धरतो आणि दोघांचेही वजीर होतात. कोणत्याही वाटेने गेले तरी बरोबरी!

शेतात बांधावरून आडवे जाणे आणि तिरपे जाणे यांत अंतराचा फरक पडतो; पटावर राजास पडत नाही. ८-८ पासून पाचव्या आडव्या रांगेत सरळ उतरावयास तीन चाली, तिरपे उतरावयासही तीनच. पण तिरपी वाट एकाच वेळी दोन ठिकाणी जाते. दोन अशक्य कामांपैकी कोणते निवडावे, असा प्रश्न मुले करीत असतात. उत्तर असे की निवड इतक्या लवकर करूच नये, प्रतिपक्षास करावयास लावावी. ही गोष्ट व्याख्यानाने कळत नाही. यंत्रास काळी बाजू पूर्ण पातळीवर देऊन जोड्यांनी आळीपाळीने प्रयत्न करावा. यंत्र येथे एकही चूक माफ करीत नाही. मार्ग सोडला की डाव गेला, मार्ग धरला की बरोबरी. सूचनेचे बटण या एका कूटापुरते तरी शिक्षकांनी स्वतःच झाकून ठेवावे.

या सर्वाने गणित सुधारते काय? या बाबतीत पालकांस खरे ते सांगणे आपले कर्तव्य आहे. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या संस्थेने १०० प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग करविला. त्यांपैकी निम्म्या शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांस जाणत्या बुद्धिबळ शिक्षकांकडून वर्षभरात ३० तासांपर्यंत शिकविण्यात आले. त्यानंतर एका वर्षाने घेतलेल्या परीक्षेत, बुद्धिबळ न शिकलेल्या मुलांच्या तुलनेने, त्यांच्या गणितात काहीही फरक आढळला नाही. हा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे तर जाणते शिक्षक होते. नुसत्या यंत्राकडून अधिक अपेक्षा कशी करावी? आर्मेनिया देशाने २०११ पासून प्राथमिक वर्गांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला आहे, तो त्यांचा निर्णय. आपल्याकडे जेथे चौथीतील काही मुलांस अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही, तेथे गणिताचा तास कापून पट मांडणे अन्यायाचे होईल. आठवड्यास एक तास, तोही कार्यानुभवाच्या किंवा खेळाच्या वेळेतून, एवढे पुरे. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकली, याचा आपल्या सर्वांस आनंद आहे व मुलींस ती बातमी आवर्जून सांगावी. तथापि आपल्या तासाचा हेतू ग्रँडमास्टर घडविण्याचा नाही. चाल करण्यापूर्वी समोरच्याच्या बाजूने एकदा पट पाहावयास मूल शिकले, तर त्या तासाचे मोल वसूल झाले.

साधनांविषयी थोडेसे. लिचेस हे निःशुल्क व जाहिरातींवाचून चालणारे साधन २०१० पासून उपलब्ध असून त्यात स्टॉकफिश या यंत्राशी आठ पातळ्यांवर खेळता येते, तसेच आपल्याला हवी ती स्थिती मांडता येते. यंत्राशी खेळावयास त्याच्या मोबाइलवरील आवृत्तीस इंटरनेट लागत नाही, ही खेड्यात मोठीच सोय होय. जाळ्यावरून अनोळखी व्यक्तींशी खेळणे शाळेत मुळीच नको. यंत्र नेहमी त्याच दोन चपळ मुलांच्या हाती राहते, असा अनुभव येतो. म्हणून जोड्यांची पाळी फळ्यावर लिहून ठेवावी आणि मुलींच्या जोड्यांस आरंभीची पाळी द्यावी. वीज नसेल त्या दिवशी तास बुडवू नये. जुन्या पोत्यावर कोळशाने व चुन्याने चौसष्ट घरे आखता येतात, बाटल्यांच्या झाकणांवर मोहऱ्यांची नावे लिहिता येतात. आणि वर दिलेल्या मांडण्यांना तर चारांहून अधिक झाकणे लागत नाहीत. ज्या जोडीने यंत्रावर वजिराची मात साधली आहे, तिने त्या दिवशी यंत्राची जागा घेऊन एकटा राजा चालवावा.

गावातील वृद्ध मंडळींपैकी कोणी जुन्या देशी पद्धतीने खेळणारे असतील तर त्यांस शाळेत अवश्य बोलवावे. त्यांच्या पद्धतीत प्यादे आरंभी एकच घर चालते व इतरही काही नियम निराळे आहेत. यंत्र आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळते. यावरून मुलांत व आजोबांत वाद होतात, ते मिटविण्याची घाई करू नये. देशी पद्धतीवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी विलायतेत जाऊन १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले होते, हे आजोबांस सांगितले म्हणजे ते खुशीत येतात. मग प्यादे एकच घर चालत असेल तर आरंभीच्या २० चालींऐवजी किती चाली उरतात, हे मुलांनी त्यांच्यासमोर मोजून दाखवावे.